वाचकांचे प्रश्न: वादाचा लेख लिहून गिऱ्हाईक येतं का?

या वेळच्या पत्रांचा रोख बराचसा एकाच गोष्टीवर आहे. आपल्या व्यवसायाच्या वेबसाइटवर साधे, उपयोगाचे लेख टाकले तर कुणी फिरकत नाही. एखादं खटकणारं विधान केलं की लोक धावून येतात. मग मुद्दाम वाद काढावा का, काढला तर कुठवर आणि अंगाशी आला तर काय, असे हे प्रश्न आहेत. नावं गाळून, मजकूर थोडा आखडता घेऊन उत्तरं देतो आहोत.

आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, करडई, तीळ या तेलांच्या फायद्यांवर वेबसाइटवर बरंच लिहिलं, पण वाचणारे बोटावर मोजण्याइतके. वेबसाइट बनवून देणाऱ्याचं म्हणणं, "रिफाइंड तेल म्हणजे विष" असं ठणकावून लिहा, लोक तुटून पडतील. लिहावं का? (सांगली)

नका लिहू. रिफाइंड तेल एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या मानकांत बसणारा, कायद्याने विकला जाणारा माल आहे. त्याला विष म्हटलंत की सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. शिवाय खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांविषयी २०१८ चे एफएसएसएआयचे नियम आहेत. आपला माल खपवण्यासाठी दुसऱ्या उत्पादकाच्या मालाला कमी लेखणारा दावा करायला त्यात मनाई आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्याच वेबसाइटवर, तुमच्याच तेलाच्या बाटलीशेजारी छापलेला लेख "ही जाहिरात नाही" असं म्हणून सुटेल, या भरवशावर राहू नका.

व्यवहाराच्या बाजूनेही त्यात काही हाशील नाही. हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं फिरलंय की त्यावर होणारी भांडणं रिफाइंडची होतात, तुमच्या घाण्याची कुणी चौकशीही करत नाही.

वाद हवाच असेल तर तो जिथे तुमच्या हातात वजनकाटा आहे तिथे काढा. तुमच्या धंद्यात असा एक विषय समोरच पडला आहे: भाव. "घाण्याचं शुद्ध शेंगदाणा तेल, २०० रुपये लिटर" अशा पाट्या दिसतात. हा भाव बसतो का, एवढंच लिहा, पण आकडे मांडून.

शेंगदाण्यात तेल साधारण ४५ ते ५० टक्के असतं. लाकडी घाण्यावर उतारा, म्हणजे दाण्यांच्या वजनातून प्रत्यक्ष निघणारं तेल, ३८ ते ४२ टक्के मिळतो. ४० धरू. एक लिटर शेंगदाणा तेलाचं वजन सुमारे ९१५ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे जवळपास २ किलो २९० ग्रॅम दाणे लागले. दाण्याचा भाव १३० रुपये किलो धरला तर २९८ रुपये झाले. पेंड निघेल सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान. तिचे ५८ रुपये वजा केले तर उरले २४०. मजुरी, वीज, बाटली, लेबल आणि तेल निवळताना खाली बसणारा गाळ यांचे ४० रुपये मिळवा, झाले २८०. त्यावर ५ टक्के जीएसटी. तुमचा नफा आणि दुकानदाराचं कमिशन अजून धरलेलंच नाही. आम्ही भाव नुसते धरले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारातले, त्या आठवड्याचे आणि पावतीवरचे घाला.

मग एक घाणा सगळ्यांसमोर मोजा. २० किलो दाणे काट्यावर, त्याचा फोटो. निघालेलं तेल दोन-तीन दिवस निवळू द्या, मग मोजा: ४० टक्के उताऱ्याने साधारण पावणेनऊ लिटर. त्याचा फोटो. पेंडीचा फोटो. काट्याचा आकडा प्रत्येक फोटोत स्पष्ट दिसला पाहिजे. दाणे ओलसर असतील आणि उतारा ३६ टक्केच आला तर ३६ लिहा. गोल आकडा छापलात तर जाणकार लगेच ओळखतात.

लेखाचं शीर्षक: "२०० रुपयांत लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल बसत नाही, हा घ्या हिशेब". स्वस्त विकणारे चिडतील. चिडू द्या, पण त्यांची बाजू आधीच लेखात घाला. स्वतःच्या शेतातला दाणा असेल, हंगामात भाव पडलेले असताना साठा केला असेल, किंवा लोखंडी एक्स्पेलर, म्हणजे दाबून तेल काढणारं यंत्र, असेल (त्याचा उतारा लाकडी घाण्यापेक्षा जास्त) तर भाव खाली येऊ शकतो. "स्वस्त म्हणजे भेसळच" असं कुठेही म्हणू नका. तुमचा दावा इतकाच: या दाण्यात, या उताऱ्यात, या घाण्यावर एवढा खर्च येतो. तेवढाच दावा असला की तो कुणाला खोडता येत नाही.

आणि लेख टाकण्याआधी स्वतःची बाटली हातात घ्या. वाद सुरू झाला की पहिलं उत्तर तुमच्या मालाविरुद्धच्या तक्रारीच्या रूपाने येतं. १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ प्रमाण, एमआरपी, उत्पादनाची तारीख, पत्ता हे सगळं लेबलावर आहे ना? "कोलेस्टेरॉल-मुक्त" असं छापलं असेल तर काढून टाका. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. ती तुमच्या तेलाची खासियत असल्यासारखं मिरवणं हीच दिशाभूल ठरते. सुटं तेल विकत असाल तर त्याला परवानगी आहे का, हा प्रश्न आधी निकालात काढा.

आमचं आइस्क्रीमचं दुकान आहे, दुधाचंच आइस्क्रीम बनवतो. मोठ्या कंपन्या फ्रोझन डेझर्ट विकतात आणि लोक त्याला आइस्क्रीम समजून खातात. यावर कडक लिहायचं आहे. कुणाचं नाव घेतलं नाही तर अडचण येणार नाही ना? (कोल्हापूर)

नाव न घेतल्याने सुटका होते, हा मोठा गैरसमज आहे, आणि तुमचा विषय तर याच कारणावरून कोर्टात गाजलेला आहे. २०१७ साली अमूलच्या जाहिरातींत आइस्क्रीम दुधाचं आणि फ्रोझन डेझर्ट वनस्पती तुपाचं, असं दाखवलं होतं. नाव कुणाचंच नव्हतं. तेव्हा क्वालिटी वॉल्स हे फ्रोझन डेझर्ट विकणारी हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने त्या जाहिरातींना मनाई केली आणि डिसेंबर २०१८ मध्ये खंडपीठानेही ती कायम ठेवली. एका अख्ख्या वर्गातल्या मालाला वाईट ठरवलं, तरी त्या वर्गातला मोठा विक्रेता दाद मागू शकतो.

त्याही आधीचा, १९९९ चा कोलकाता उच्च न्यायालयाचा निळीचा निकाल वकील आजही पुढे करतात. उजालाच्या जाहिरातीत प्रतिस्पर्धी रॉबिन ब्लूचं नाव नव्हतं, पण दाखवलेली बाटली आणि सांगितलेली किंमत त्यांचीच होती. न्यायालयाने सांगितलेलं सूत्र थोडक्यात असं: माझा माल सगळ्यांत चांगला म्हणा, माझा तुमच्यापेक्षा चांगला म्हणा, त्यासाठी तुलनाही करा, पण तुमचा माल वाईट, असं म्हणता येणार नाही.

आता तुम्हाला काय लिहिता येईल? भरपूर. आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट यांची व्याख्या एफएसएसएआयनेच वेगळी केली आहे. आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता किमान १० टक्के लागते. मीडियम फॅट आइस्क्रीममध्ये ती अडीच टक्क्यांच्या वर पण १० च्या खाली असते. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालतं आणि ते वेष्टनावर लिहावं लागतं. म्हणून "कपावरच्या या दोन ओळी वाचा, मग ठरवा" असा लेख लिहा. वेष्टनावर ती ओळ कुठे असते, किती बारीक असते, दुकानदाराला काय विचारायचं, ते सांगा. फ्रोझन डेझर्ट हा कायदेशीर पदार्थ आहे आणि आवडणाऱ्याने खुशाल खावा, हेही लिहा. घाण, नकली, आरोग्याला घातक हे शब्द नकोत. आणि तुमच्या स्वतःच्या आइस्क्रीमची स्निग्धता प्रयोगशाळेत तपासून तो अहवाल लेखात लावा. उन्हाळ्यात दुधाची फॅट उतरते. एप्रिल-मेमधला नमुना जरूर तपासून घ्या, कारण वाद निघाल्यावर कुणी तुमचाच कप तपासायला नेला तर तो त्याच महिन्यातला असण्याची शक्यता जास्त.

घरगुती प्रयोगांच्या नादी लागू नका. "वितळवून बघा", "फ्रीजमध्ये ठेवून बघा" असे व्हिडिओ लोक आवडीने पाहतात, पण पुरावा म्हणून ते टिकत नाहीत. पॅराशूट खोबरेल तेलाबद्दल एका यूट्यूबरने असाच तुलनेचा व्हिडिओ केला होता. पॅराशूट बनवणाऱ्या मॅरिकोने दावा लावला आणि जानेवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी तो व्हिडिओ काढायला लावला. पुढे अपिलात काही विधानं वगळण्याच्या अटीवर त्याला दिलासा मिळाला. दिलासा मिळाला ते चांगलंच झालं, पण तोवरचा वकिलांचा खर्च छोट्या दुकानदाराला झेपणारा नसतो.

केटरिंगचा व्यवसाय आहे. "लग्नाच्या जेवणात केटरर तुम्हाला कसे लुटतात" असा लेख टाकला. बारा हजार लोकांनी वाचला, आजवरचा विक्रम. विचारणा मात्र तीनच आल्या. चुकलं कुठे? (नाशिक)

ज्यांच्या घरी लग्न नाही अशांनी तो वाचला, आणि तुमच्याच धंद्यातल्या लोकांनी रागाने एकमेकांना पाठवला. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये चार गोष्टी पाहा: वाचक कुठल्या शहरातले, आले कुठून, लेखानंतर दरपत्रकाच्या किंवा संपर्काच्या पानावर किती गेले आणि महिनाभरात पुन्हा किती आले. नाशिक आणि आसपासचे वाचक दहातला एकही नसेल, तर बाराशेसुद्धा तुमच्या कामाचे नव्हते. पुढच्या लेखाखाली व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची शॉर्ट लिंक द्या. ती तयार करताना मेसेज आधीच भरून ठेवता येतो. "जेवणाच्या गॅरंटीचा लेख वाचला, माहिती हवी" असं काहीतरी त्यात ठेवा. म्हणजे कुठल्या लेखातून कोण आलं ते विचारावंच लागत नाही.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. "लुटतात" हा शब्द वाचून माणूस तुमच्यावरही संशय घेतो, तुम्हीही केटररच. विश्वास बसतो तो तुमच्या स्वतःच्या कमाईला कात्री लावणाऱ्या मतावर. उदाहरणार्थ: "५०० पाहुणे येणार असतील तर ५०० पानांची (ताटांची) गॅरंटी देऊ नका." मग सविस्तर सांगा. गॅरंटी म्हणजे पानं कमी उठली तरी ज्यांचे पैसे द्यावेच लागतात तो आकडा. पत्रिका किती वाटल्या, बाहेरगावचे किती, मुहूर्त सकाळचा की संध्याकाळचा, त्याच दिवशी गावात आणखी किती लग्नं आहेत यावर तो ठरवायचा. गॅरंटी ४०० ते ४२५ ची, वरच्या पानांचा दर आधी लिहून घेतलेला, ताटं मोजणार कोण आणि कुठे उभा राहणार हेही लिहून घेतलेलं. गोडाचे तीन पदार्थ ठेवले तर प्रत्येकी पूर्ण ५०० चा माल का लागत नाही, ते समजावा. इतर केटरर नाराज होतील, वाद होईल. पण तो वाचेल लग्नघरचा माणूस, आणि फोन करेल तोच.

भाषेचा, जातीधर्माचा विषय घेतला की पानावर झुंबड उडते. खाण्याच्या धंद्यात शाकाहार-मांसाहार तर हमखास. हॉटेलच्या पानावर असं थोडं चालेल का? (ठाणे)

चालणार नाही. समाजांत तेढ वाढवणाऱ्या लिखाणाला भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागतं, मुद्दाम धर्मभावना दुखावण्याला कलम २९९. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मार खाणारे तुम्ही नसता, काउंटरवरचा आणि डिलिव्हरीचा पोरगा असतो. १९ मार्च २०२४ ला झोमॅटोने शुद्ध शाकाहारी पदार्थांसाठी हिरव्या गणवेशातले वेगळे डिलिव्हरी कर्मचारी जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घ्यावा लागला, कारण लाल गणवेशातल्या मुलांना सोसायट्यांत अडवलं जाईल, त्यांच्या जिवाला धोका होईल, हे लक्षात आलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे आवरता आलं नाही ते एका हॉटेलला आवरणार नाही. शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाकासाठी तुमच्याकडे वेगळी भांडी, वेगळा फ्रीज आहे का, ते फोटोसकट लिहा. लोकांना तेच जाणून घ्यायचं असतं.

औषधं-खतांचं दुकान आहे. एका कंपनीचं औषध यंदा चाललं नाही, शेतकरी मलाच बोल लावतात. उघड लिहू का? (जळगाव)

आधी डीलरशिपचा करार काढून वाचा. कंपनीच्या मालाविरुद्ध जाहीर बोलायला मनाई करणारं कलम त्यात असतं का, ते पाहा. औषध का चाललं नाही याची दहा कारणं असतात: पाण्याचा सामू (पीएच), मात्रा, फवारणीची वेळ, फवारल्यावर तासाभरात आलेला पाऊस, दोन औषधं एकत्र कालवणं. एका ब्रँडवर बोट न ठेवता "पाण्याचा सामू न तपासता फवारणी करू नका, मग औषध कुठलंही असो" असा लेख लिहा. मालाबद्दल खरीच शंका असेल तर बॅच नंबर आणि बिलासकट तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ती चौकशी नमुन्यावर होते.

मी वकील आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या फीवर टीका करणारा लेख माझ्या वेबसाइटवर टाकला तर? (छत्रपती संभाजीनगर)

तुमच्यासाठी बार कौन्सिलचा नियम ३६ आहे; जाहिरात करून काम मिळवायला मनाईच आहे. निकालांवर, कायद्यातल्या बदलांवर मतभेदाचं जरूर लिहा, फीवर नको.

लेख गाजला, पण दोन दिवसांत गूगलवर एका स्टारचे रिव्ह्यू पडायला लागले, फोनवर शिवीगाळ झाली. लेख काढून टाकू का? (पुणे)

घाईने काढू नका. काढलात की "घाबरला" असे स्क्रीनशॉट फिरतात आणि मूळ लेख पाहायला कुणालाच मिळत नाही. पहिले दोन दिवस एकाच माणसाने उत्तरं द्यायची. दुकानातल्या बाकीच्यांना एकच वाक्य द्या: "त्याबद्दल मालकांशी बोला, हा नंबर." जे कधी गिऱ्हाईक नव्हतेच त्यांचे रिव्ह्यू गूगलकडे रिपोर्ट करता येतात, कारण रिव्ह्यू प्रत्यक्ष अनुभवावर असावा असा त्यांचा नियम आहे. सगळे निघतील असं नाही. उरलेल्यांखाली शांत, दोन ओळींचं उत्तर लिहा. ते उत्तर त्या माणसासाठी नसून पुढच्या गिऱ्हाइकासाठी असतं.

प्रतिक्रियांत शिव्या, जातीवाचक शब्द, कुणाचा फोन नंबर असेल ते लगेच काढा. विरोधी मत ठेवा, आणि ते बरोबर असेल तर लेखात तारखेसह दुरुस्ती लिहा. चूक गुपचूप बदलणं फार महाग पडतं. जुनं रूप कुणीतरी जपून ठेवलेलंच असतं. नातेवाइकांना किंवा कामगारांना खोट्या नावांनी आपली बाजू घ्यायला लावू नका. हे उघडं पडतं आणि मग खरा हिशेबही खोटा वाटू लागतो.

असे लेख वर्षाला तीन-चार पुरेत. त्याहून जास्त झाले की गिऱ्हाईक तुम्हाला भांडकुदळ समजतं आणि बाकीचे उपयोगाचे लेख वाचायलाही येत नाही.

वकिलाची नोटीस आली आहे: सात दिवसांत लेख काढा, माफी मागा, अमुक लाख भरा. (सोलापूर)

नोटीस म्हणजे निकाल नव्हे, पण ती खणात टाकून देऊ नका. फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर समोरच्याला एक शब्दही लिहू नका. लेख आहे त्या स्थितीत पत्ता आणि तारखेसह पीडीएफ करून जपा. ज्या पावत्या, फोटो, प्रयोगशाळेच्या अहवालांवर तो लिहिला, त्यांच्या मूळ फाइल जपा. कोर्टात डिजिटल पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे फोटो ज्या फोनवर काढले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

वकिलाला विचारण्याचे मुद्दे असे. दिवाणी बदनामीच्या दाव्याची मुदत लेख प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष असते. फौजदारी बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. कंपनीचीही बदनामी होऊ शकते. दिवाणीत विधान खरं असणं हा बचाव आहे. फौजदारीत मात्र ते खरं असून शिवाय लोकहिताचंही असावं लागतं. म्हणून लेखात गिऱ्हाइकाने काय तपासावं, हे लिहिलेलं आहे का, ते पाहा. नुसती टीका असेल तर लोकहित दाखवणं जड जातं.

खटकणारं एखादंच वाक्य असेल तर वकील बहुधा हक्क राखून, चूक कबूल न करता ते वाक्य तात्पुरतं काढण्याचा सल्ला देतील. तो माना. काढलेल्या जागी "हे वाक्य अमुक तारखेला वगळलं" एवढं लिहा आणि त्याचा मजकूरही वकिलाला दाखवूनच टाका. उत्तराची मुदत नोटीस हातात पडल्यापासून मोजली जाते, म्हणून पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का उपयोगी पडतो.